एसी कधी चालतो, कधी नाही: चुडाव्याच्या झाडाखाली शिकलेला धंद्याचा धडा



व्हिडिओत मी ही गोष्ट थोडक्यात सांगितली होती. खूप जणांना ती सविस्तर, वहीत उतरवून घेता येईल अशी हवी होती. म्हणून हा लेख. तुम्ही गॅरेज टाकायच्या विचारात असाल, ऑटो इलेक्ट्रिकचं काम शिकत असाल किंवा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवत असाल, तरी शेवटपर्यंत वाचा. गाडीचा एसी हे इथे फक्त उदाहरण आहे. खरा विषय आहे 'आधी निदान, मग पैसे'.

माझ्या गाडीचं दुखणं

मे महिना. परभणी-नांदेडचा मे कसा असतो ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पारा ४२-४३ वर, रस्त्यावर डांबर पाझरायला लागलेलं. माझ्या गाडीचा एसी घरातून निघताना झकास थंड करायचा. अर्ध्या-पाऊण तासाने नुसता गरम वारा. परत थोडा वेळ थंड, परत गरम.

एका शहरातल्या दुकानात दाखवलं. "गॅस कमी आहे सर," म्हणाले आणि गॅस भरला. त्याच आठवड्यात वळवाचा पाऊस झाला, हवा गार झाली, मला वाटलं काम झालं. ऊन तापलं आणि पुन्हा तेच. परत गेलो, परत गॅस. तिसऱ्यांदाही गॅसच! प्रत्येक वेळी मी गाडी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर नेत होतो आणि त्या वेळी एसी व्यवस्थित चालत होता. म्हणजे दुखणं दिसत नसताना तीन वेळा औषध दिलं गेलं.

मग एके दिवशी नांदेडची कार्यशाळा संपवून पूर्णेकडे निघालो होतो. मागच्या सीटवर वडील, वय ७८. चुडाव्याजवळ एसीने मान टाकली. वडिलांना घाम फुटला, ते काही बोलेनात. मी घाबरून गाडी सावलीला घेतली. चहाच्या टपरीवाल्याने वडिलांना पाणी दिलं, बाजेवर बसवलं आणि म्हणाला, "त्या लिंबाखाली पोरगं बसतंय बघा, ट्रॅक्टरचं वायरिंग करतं. त्याला दाखवा."

पंचविशीतला मुलगा. समोर बॅटरी चार्जर, दोन सेल्फ स्टार्टर उघडून ठेवलेले. मी म्हणालो, "गॅस संपलाय बहुतेक." तो म्हणाला, "सर, गॅसचं मागून बघू. आधी मला सांगा, नेमका कवा बंद पडतोय?"

इथेच तो तीन वेळा गॅस भरणाऱ्या दुकानाच्या पुढे गेला.

बॉनेट उघडायच्या आधी पाच प्रश्न

त्याने जे विचारलं ते मी नंतर नीट मांडून घेतलं. तुम्ही हे कार्डावर छापून दुकानात लावा.

१. गाडी उभी असताना बंद पडतो की पळतानाही?
२. सुरुवातीला थंड करून मग बंद होतो की सुरुवातीपासूनच लहर लागेल तसं?
३. बंद होतो तेव्हा जाळीतून वारा पूर्ण येतो की वाराच कमी होतो?
४. दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून परत लावला तर चालतो का?
५. याआधी कुणी काय केलं? गॅस भरला? किती वेळा? काही बदललं?

मित्रांनो, या पाच प्रश्नांना एक रुपया लागत नाही. पण पुढचं निम्मं काम यांच्या उत्तरांतच होतं. अधूनमधून येणारा बिघाड चोरासारखा असतो, चोरी करतानाच पकडावा लागतो. एसी चालू असताना कितीही तपासा, हाती काही लागत नाही.

एसी चालतो कसा, दोन मिनिटांत

इंजिनच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरतो आणि गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस पुढे रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे पंख्याचा वारा लागून तो गार होऊन द्रव बनतो. मग ड्रायरमधून एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम कमी होतो, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ होताना आतल्या हवेतली उष्णता ओढून घेते. माठातलं पाणी पाझरून वाळताना माठ गार होतो ना, तेच तत्त्व. फरक एवढाच की माठातलं पाणी उडून जातं, इथला गॅस बंद नळ्यांत पुन्हा पुन्हा फिरतो.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीचा एसी पेट्रोलसारखा गॅस 'खात' नाही. थोडा गॅस वर्षानुवर्षांत झिरपतो हे खरं, पण महिन्याभरात तो संपत असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हौदात पाणी सोडणं.

लक्षण आणि संशयित

आता कामाची यादी. प्रत्येक लक्षण कुठल्या भागाकडे बोट दाखवतं ते बघा.

पळताना थंड, उभी राहिली की गरम. रेल्वे फाटकावर किंवा बाजारात अडकलं की थंडपणा जातो. संशय कंडेन्सरच्या हवेवर. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो, उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरत नसेल, हळू फिरत असेल किंवा कंडेन्सरच्या पात्या चोंदल्या असतील तर दाब वाढत जातो आणि सुरक्षेसाठी बसवलेला प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. आपल्याकडे कच्च्या रस्त्याची धूळ आणि कापसाच्या हंगामात उडणारे तंतू पात्यांत बसून गोधडी होते. सोपी चाचणी: इंजिन चालू ठेवून कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार सोडा. लगेच थंड व्हायला लागलं तर रोग हवेचा आहे. धुताना जोराचा प्रेशर वापरू नका, पात्या आडव्या होतात.

सुरुवातीला मस्त थंड, मग वाराच कमी. कॉइलवर बर्फ धरतोय. एसी बंद करून पंधरा मिनिटं थांबलं की गाडीखाली भरपूर पाणी गळतं आणि परत चालतो. आधी केबिन फिल्टर काढून बघा, मातीने भरलेला असतो. तो ठीक असेल तर कॉइलचं तापमान सांगणारा थर्मिस्टर किंवा थर्मोस्टॅट तपासा. त्याने बर्फ धरायच्या आधी कॉम्प्रेसर बंद करायला हवा. गॅस कमी असला तरी कॉइलच्या एका भागावर बर्फ धरू शकतो.

वारा पूर्ण येतो, पण थंडपणा जातो-येतो, गेजवर कमी दाबाची सुई खाली खाली जाते. आत ओलावा शिरला असण्याची शक्यता. पाण्याचा कण एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, वाट बंद होते, वितळला की परत चालू. कुणीतरी व्हॅक्यूम न करता घाईत गॅस भरला की हे होतं. इलाज म्हणजे ड्रायर बदलणं आणि निदान अर्धा-पाऊण तास नीट व्हॅक्यूम.

कॉम्प्रेसर 'टक-टक' करत पटापट चालू-बंद. बहुतेक वेळा गॅस कमी असतो आणि दाब कमी झाला की स्विच तोडतो. जोडांवर तेलकट डाग शोधा, साबणाचं पाणी लावा, गॅस भरायच्या व्हॉल्व्हची टोपीही उघडून बघा. मात्र आतलं तापमान गाठल्यावर कॉम्प्रेसर थांबणं आणि परत सुरू होणं हे बऱ्याच गाड्यांत नॉर्मल असतं. नॉर्मल गोष्टीला रोग म्हणून बिल लावू नका.

चढावर किंवा ओव्हरटेक करताना बंद. पाय पूर्ण दाबला की काही गाड्यांत इंजिनला ताकद मिळावी म्हणून संगणक कॉम्प्रेसर सोडून देतो. इंजिन तापलं तरीही एसी तोडतो. तेव्हा तापमानाचा काटा बघा. दुखणं एसीचं नसून कूलंटचं असेल.

सकाळी चालतो, तापला की बंद, थंड झाला की परत चालू. हेच माझ्या गाडीचं दुखणं. आता त्या मुलाने काय केलं ते ऐका.

लिंबाखालचं निदान

त्याने गाडी चालूच ठेवायला सांगितली. एसी बंद पडलेला होता, म्हणजे चोर अजून घरातच होता. मल्टिमीटर काढून कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवर लावला. बारा व्होल्टच्या वर येत होते. म्हणजे बटण, रिले, प्रेशर स्विच, संगणक सगळे सांगत होते 'चल'. पण क्लचची पुढची प्लेट फिरत नव्हती.

एका मोजमापात अर्धी गाडी संशयातून सुटली. व्होल्ट येत नसते तर तो मागे गेला असता: आधी रिले (त्याच नंबरचा हॉर्नचा रिले अदलाबदल करून), मग स्विच, मग वायरिंग. व्होल्ट येत होते म्हणून पुढे गेला.

इंजिन बंद करून त्याने फीलर गेज घातली. प्लेट आणि पुलीमधली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते, नेमका आकडा कंपनीच्या माहितीपुस्तकात असतो. इथे फट झिजून एक मिलिमीटरवर गेली होती. क्लचची कॉइल म्हणजे लोहचुंबक. तापली की तिचा रोध वाढतो, करंट कमी होतो, चुंबक ढिला पडतो. गार असताना तो मोठी फटही ओढून घ्यायचा, तापल्यावर त्याची ताकद पुरत नव्हती. म्हणून संध्याकाळी दुकानात सगळं ठीक आणि दुपारी रस्त्यावर बंद.

त्याने प्लेट काढली, मागची एक पातळ चकती कमी केली, परत बसवली, फट मोजली. एसी लावला. वडील पुन्हा गाडीत बसले आणि पाच मिनिटांनी म्हणाले, "खिडकी लाव रे." मला एवढं प्रशस्तिपत्र पुरेसं होतं.

(हे काम घरी करू बघणाऱ्यांना सांगतो, चालू इंजिनच्या पट्ट्याजवळ हात, गमछा, ओढणी काहीही नेऊ नका. आणि सगळ्याच गाड्यांत असा क्लच नसतो, काही नव्या गाड्यांचा कॉम्प्रेसर वेगळ्या पद्धतीने चालतो. आधी बघा, मग हात घाला.)

पैसे किती विचारलं तर म्हणाला, "द्या दोनशे."

मित्रांनो, तीन वेळा गॅसचे पैसे देऊन जे झालं नाही ते दोनशेत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्यातला ट्रेनर अस्वस्थ झाला.

"सर, मशीन घ्यावं का?"

मी कोण आहे ते कळल्यावर त्याने चहा मागवला आणि मनातलं विचारलं. गॅस भरायचं ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं होतं. बँकेचं नाही जमलं तर वडील दोन एकरांतलं अर्धा एकर विकायला तयार होते. "नांदेडच्या दुकानात मशीन बघून गिऱ्हाईक येतं सर. माझ्याकडं बघून कोण येणार?"

इथे खरं काहीतरी पणाला लागलेलं होतं. आम्ही टपरीवरच्या कागदावर हिशेब मांडला. तुम्हीही मांडा, आकडे तुमचे टाका.

समजा कर्ज दीड लाख, व्याज १२ टक्के, मुदत तीन वर्षं. हप्ता येतो साधारण ४,९८०, म्हणजे वर्षाला जवळपास ६०,००० रुपये. समजा एका एसीच्या कामात माल, गॅस, वीज वजा जाता हातात ६०० राहतात. तर फक्त हप्त्यापुरत्या वर्षाला १०० गाड्या हव्यात. आपल्याकडे एसीचा हंगाम मार्च ते जून, चारच महिने. म्हणजे महिन्याला २५, जवळजवळ रोज एक गाडी. आणि हे नुसत्या हप्त्यासाठी, घरखर्च वेगळाच.

मी विचारलं, "सध्या एसीच्या गाड्या किती येतात?" तो हसला. "आठवड्यात दोन आल्या तर लई."

उत्तर त्याचं त्यालाच मिळालं. मशीनसाठी शेत विकायचं नाही.

मग करायचं काय? तीन पायऱ्या

पहिली पायरी: गॅसची नळी न उघडता होणारी कामं. कंडेन्सर धुणं, केबिन फिल्टर, पंखा, रिले, वायरिंग, क्लचची फट, थर्मिस्टर. वर दिलेल्या यादीतली निम्मी कामं यातच येतात. लागतं काय? मल्टिमीटर, फीलर गेज, जाळीत खोचायचा थर्मामीटर, टेस्ट लॅम्प. त्याच्याकडे यातलं बरंचसं होतंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणीची फी वेगळी लावा. काम केलं नाही तरी ती घ्या, काम केलं तर बिलातून वजा करा. डॉक्टर गोळी दिली नाही तरी तपासणीचे पैसे घेतो. दोनशे रुपयांत त्याने फक्त चकती काढली नव्हती, निदान केलं होतं. त्या निदानाची किंमत त्याने शून्य धरली. आपल्यातले कितीतरी हुशार कारागीर इथेच मार खातात.

दुसरी पायरी: गॅसच्या कामासाठी भागीदारी. गळती, ड्रायर, कॉम्प्रेसर अशी कामं नांदेड किंवा परभणीच्या ज्या दुकानाकडे गॅस काढून साठवायचं यंत्र आहे त्यांच्याकडे पाठवा, तुमचं निदान कागदावर लिहून. ठरलेलं कमिशन घ्या. गिऱ्हाईक तुमचंच राहतं.

तिसरी पायरी: गिऱ्हाईक वाढलं की यंत्र. गेज सेट, व्हॅक्यूम पंप, ग्रॅमचा वजनकाटा, रिकव्हरी यंत्र, या क्रमाने. त्याआधी प्रशिक्षण. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन्ही ट्रेड आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था यांच्याकडेही चौकशी करा. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं, पहिल्या दोन पायऱ्यांना तेवढं पुष्कळ झालं.

गॅसचं काम कराल तेव्हा तीन गोष्टी

एक, दाब म्हणजे प्रमाण नव्हे. एसी बंद असताना गेज १३०-१३३ पीएसआय दाखवतंय, म्हणजे गॅस पूर्ण आहे असं नाही. ४० अंशांत आर-१३४ए चा दाब तेवढाच दिसतो, मग आत पूर्ण गॅस असो की अर्धा, थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी. म्हणून आधीचा गॅस काढून, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजूनच भरा. जास्त भरला तरी दाब वाढून एसी अधूनमधून तुटतो. म्हणजे 'गॅस भरून घ्या' हा सल्लाच नवा बिघाड होऊ शकतो.

दोन, हवेत सोडू नका. जुना आर-१२ ओझोनला मारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर जगभरातून हटला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. ४५० ग्रॅम गॅस सोडला तर ते सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने हे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आणि भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतोय. दोन गॅस कधीच मिसळू नका.

तीन, स्वस्त सिलिंडरचा मोह नको. २०११ मध्ये बनावट आर-१३४ए भरलेल्या शीत कंटेनरांचे स्फोट झाले, व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कामगारांचे जीव गेले. बनावट गॅसमधलं रसायन ॲल्युमिनियमशी भिडलं होतं. तुमच्या गिऱ्हाइकाच्या गाडीतही ॲल्युमिनियमच आहे. गॉगल आणि हातमोजे घाला. हवेच्या दाबात हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

शेवटचं

निघताना मी त्याला दोनशेऐवजी पाचशे दिले. तो घेईना. म्हणालो, "दोनशे चकतीचे, तीनशे पाच प्रश्नांचे." मग घेतले.

त्या पोराला वाटत होतं त्याच्याकडे यंत्र नाही म्हणून धंदा नाही. खरं म्हणजे ज्या दुकानात यंत्र होतं तिथे कुणी प्रश्न विचारले नव्हते. मी काही नांदेडच्या मोठ्या दुकानाचा पत्ता लोकांना सांगत फिरत नाही. चुडाव्याच्या लिंबाचा सांगतो. शीख यात्रेकरूंना हुजूर साहिबला नेणारे दोन टॅक्सीवाले ओळखीचे होते, त्यांनाही सांगितला.

आता तुमचा गृहपाठ. तुमचा धंदा कुठलाही असो, शिलाई, मोटार रिवायंडिंग, फवारणी पंप, मोबाईल. आज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा:

१. गिऱ्हाईक आल्यावर हत्याराला हात लावायच्या आधी विचारायचे पाच प्रश्न.
२. तपासणीची फी किती आणि ती कधी वजा करणार.
३. जे यंत्र घ्यायचं मनात आहे त्याच्या हप्त्यासाठी महिन्याला किती कामं लागतील आणि आज किती येतात.

तिसऱ्या ओळीतले दोन आकडे जुळत नसतील तर यंत्र थांबू द्या, शेत विकू नका. आधी प्रश्न विचारायला शिका, गिऱ्हाईक वाढलं की यंत्रही घेता येईल.

चला, कामाला लागा. पुढच्या भागात भेटू!